लाल, हिरवा, अमावस्या

सोमवार, ३ ऑगस्ट. सकाळ.
आजपासून गेट बसवणार.

गेट म्हणजे काय ते एकदाच लिहून ठेवते. कुणीही लिहिलेला कोड थेट ग्राहकाकडे जाणार नाही. आधी मशीन तो तपासेल. न वापरलेली ओळ, एकच मजकूर दोन ठिकाणी, टेस्ट नसलेलं फंक्शन, असं काही सापडलं की लाल. काहीच सापडलं नाही तर हिरवा. लाल असेल तर पुढे जायचं नाही. माणसाशी बोलायचा प्रश्नच येत नाही. गेटमधली ही गोष्ट मला सर्वात आवडते.

आमचं सॉफ्टवेअर ‘मोंढा सोबती’; मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. आडत दुकानदार त्यावर शेतकऱ्याच्या मालाचं वजन चढवतात आणि हिशोबपट्टी काढतात. जालना, अंबड, वडीगोद्री एवढा पसारा. ऑफिस नवीन जालन्यात स्टेशन रोडला. खाली पाइपचं दुकान, वर आम्ही तिघं. कल्याण कोड लिहितो. शालू फोन घेते. मी पुण्यात काम करून आले आहे, त्यामुळे मी पद्धत आणते.

मे महिन्यात आले तेव्हा नवीन व्हर्जन कधी टाकायचं याला वारच नव्हता. कल्याण ‘बघू, मोकळं असलं की’ म्हणायचा. मी सोमवार, सकाळी दहा ठरवलं. तेव्हापासून मोंढ्यातून फोन वाढले आहेत. म्हणजे जुन्या कोडमधले दोष आता बाहेर पडू लागले. शुभ लक्षण.

संध्याकाळ.
मालक राधेश्याम सर वर आले. दसऱ्याला एकाला टेक लीड करायचं आहे. मी किंवा कल्याण. अट एकच. म्हणाले, “नवीन व्हर्जन टाकलं त्या दिवशी मोंढ्यातून एक बी फोन नको. बस. जो करून दाखवील तो लीड.”

मी ‘ठीक आहे’ एवढंच म्हणाले. आनंद चेहऱ्यावर दाखवायची मला सवय नाही. लीडची खुर्ची खिडकीजवळ ठेवावी लागेल. ऊन कुठपर्यंत येतं ते पाहून घेतलं.

बुधवार, ५ ऑगस्ट
गेट पहिल्यांदा चालवलं. दोष ४,११२.

कल्याणच्या फाइलींमध्ये जास्त निघतील असा अंदाज होता. माझ्या फाइलींमध्ये जास्त निघाले. याचं कारण तपासलं. माझ्या फाइली नीट लिहिलेल्या असल्यामुळे मशीनला त्या नीट वाचता येतात.

कल्याणने मागून स्क्रीन पाहिला. “मॅडम, चार हजार? माझ्या लग्नात एवढी माणसं न्हवती.”

निर्णय: जुने दोष दोष धरायचे नाहीत. आजपासूनचे धरायचे. दोष शून्य झाले. एका दिवसात चार हजारांवरून शून्य. हे प्रेझेंटेशनमध्ये घेता येईल.

शुक्रवार, ७ ऑगस्ट
राधेश्याम सर जिन्यात भेटले. म्हणाले, “मॅडम, अमावस्येचं तेवढं ध्यानात ठेवा. आपल्याकडं नवीन व्हर्जन—”

मी हात जोडले आणि ‘समजलं सर’ म्हणून वर आले. वाक्य पुरं ऐकायची गरज नव्हती. व्यापारी माणूस. अमावस्येला नवीन काही करायचं नाही, हेच असणार. माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण वादात शक्ती घालवायची नाही असं मी पुण्यातच ठरवलं होतं. ग्राहकाची श्रद्धा हीसुद्धा एक रिक्वायरमेंट असते.

गेटमध्ये एक तपासणी वाढवली. अमावस्या असेल तर लाल. पंचांगातून तारखा भरल्या. जिथे तिथी दोन दिवसांवर पसरते तिथे दोन्ही दिवस लाल. या तपासणीला मात्र स्वतःच्या हाताने टेस्ट लिहिल्या. सगळ्या पास. आतापर्यंतचं माझं सर्वात निर्दोष काम.

बुधवार, १२ ऑगस्ट. अमावस्या.
गेटची पहिली खरी परीक्षा. यश.

कल्याण सकाळीच नवीन व्हर्जन टाकायला बसला. गेट लाल. स्क्रीनवर माझं वाक्य आलं: ‘आज अमावस्या. पाठवता येणार नाही.’ त्याने ते मोठ्याने वाचलं. मग शालूला बोलावून पुन्हा वाचलं.

“मॅडम, हे मशीन म्हणून राह्यलं का तुम्ही?”

मी म्हणाले, नियम मशीनमध्ये आहे, म्हणजे मशीनच म्हणतंय.

“अवं पण आवसला तर आपण—”

मी म्हणाले, हरकत असेल तर टिकेट टाका, लेखी. कल्याण टिकेट टाकत नाही. तो खुर्ची वळवून बसला. मग बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. वेगळ्याच नजरेने. आदर असावा.

दिवसभरात मोंढ्यातून एकही फोन नाही. मोंढा बंद होता, ते वेगळं. पण शिस्तीचा परिणाम असा सर्वत्र पसरतो.

सोमवार, १७ ऑगस्ट
सकाळी दहाला नवीन व्हर्जन गेलं. गेट पूर्ण हिरवं. चहा मागवला.

फोन सुरू.

नवीन व्हर्जन बसताना दुकानातला कॉम्प्युटर अर्धा तास अडकतो, तेवढंच. हे नेहमीचं आहे, त्याचा दर्जाशी संबंध नाही. पण आडत्यांना धीर नाही. अंबडचे ओमप्रकाश शेठ इतक्या जोरात बोलत होते की शालूने फोन हातभर लांब धरला, तरी मला सगळं ऐकू आलं.

“ओ बाई! काट्यावर पोती, दारात ट्रॅक्टरची लाइन, आन तुमचं चक्र गरगर फिरून राह्यलंय! पट्टी काय कपाळावर लिहू का शेतकऱ्याच्या?”

शालू म्हणाली, “शेठ, दहा मिनिटं.”

“दहा मिनिटांत माल दुसऱ्याच्या दुकानी जातोय, बाई!”

निष्कर्ष: तपासण्या कमी पडल्या. आजपासून ऐंशी टक्के कोडला टेस्ट असल्याच पाहिजेत, नाहीतर लाल.

मंगळवार, २५ ऑगस्ट
टेस्ट ऐंशी टक्क्यांवर गेल्या. संघाचा उत्साह पाहून बरं वाटलं.

संध्याकाळी कल्याणच्या टेस्ट उघडल्या. एक बरोबर एक आहे का, ते तपासलं आहे. दोन बरोबर दोन आहे का, तेही. सत्तेचाळीसपर्यंत गेला आहे. विचारलं तर म्हणाला, “मंग? बराबर न्हाई का?”

बरोबर आहे, हीच अडचण आहे. मशीन मान्य करतंय.

माझ्याही काही टेस्ट अशा आहेत. पण त्यांच्यावर ‘तात्पुरती’ असं लिहिलेलं आहे.

शनिवार, २९ ऑगस्ट
शालूने टेबलावर काळा दोरा, लिंबू आणि नारळाचा तुकडा आणून ठेवला. शनीच्या देवळातून. म्हणाली, “ताई, तुमच्यासाठी मुद्दाम आणलं. तुम्ही कुणाचं करता? शनिदेवाचं, का म्हसोबाचं?”

मला प्रश्न कळला नाही. मी खासगी बाबींवर ऑफिसात बोलत नाही, एवढंच सांगितलं. तिने समजल्यासारखी मान हलवली आणि दोन पावलं मागे सरकून मग वळली.

नारळ खाल्ला. लिंबू चहात पिळलं.

सोमवार, ७ सप्टेंबर. सकाळ.
नऊ पन्नासला गेट लाल. ओळ लांब आहे म्हणून. ओळ माझी होती. व्हर्जन दहालाच जायला हवं, वेळेची शिस्त महत्त्वाची. ओळीच्या लांबीची तपासणी तात्पुरती बंद केली. मग दुहेरी मजकुराचा दोष दिसू लागला. तीही बंद. मग न वापरलेल्या ओळींचा. गेट हिरवं. दहाला व्हर्जन गेलं. एक सेकंदाचाही उशीर नाही.

दुपार.
फोन. जालना, अंबड, वडीगोद्री, क्रमाने. वडीगोद्रीच्या आडत्याने आवाजावरून ओळखलं. “काकासाहेबांची पोरगी ना तू? बापाचा माल माझ्याच दुकानी येतोय. त्यांना सांगू का?” मी राँग नंबर म्हणाले आणि फोन शालूला दिला.

कल्याण खुर्ची ओढून जवळ आला. अगदी हळू बोलला, आजाऱ्याशी बोलावं तसा. “मॅडम, राग मानू नका. शुक्रवारी आवस हाये. एक बार आवसला टाकून बघू. पाप लागलं तर माझ्या नावावर.”

मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. तो मोडायची चावी माझ्याकडेसुद्धा नाही.

मग लक्षात आलं की चावी माझ्याकडे आहे. मी बसवलं म्हणून माझ्याकडे राहिलेला, गेट उघडण्याचा पासवर्ड. तो लगेच काढून टाकला. आता खरोखर कुणाकडेच नाही. मोह उरला नाही. विलक्षण हलकं वाटलं.

शुक्रवार, ११ सप्टेंबर
काल पोळा, आज अमावस्या. दोन्ही दिवस लाल. मोंढा बंद. ऑफिसात नीरव शांतता. एक फोन नाही. गेट बसवल्यापासून अमावस्येला कधीच तक्रार आली नाही. ही आकडेवारी बोलकी आहे. इतर दिवसांनाही हीच शिस्त कशी लावता येईल, यावर विचार सुरू.

राधेश्याम सरांच्या आई सुगंधाबाई यांनी माझ्यासाठी पुरणपोळी पाठवली. निरोप होता, “पोरगी एवढी शिकली तरी नेमाची आहे. आजकाल कोण पाळतंय.” नेम म्हणजे त्यांना कोडिंगचे नियम म्हणायचं असावं. एवढ्या वयाच्या बाईला गेटचं महत्त्व कळतं आणि कल्याणला कळत नाही.

मंगळवार, २२ सप्टेंबर
नवीन सोयाबीन नवरात्रात येणार. त्याआधी मोठं व्हर्जन जायला हवं. ओलावा लिहायचा नवा रकाना, नवी पट्टी. ते अडलं तर हंगाम अडणार आणि आडते दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घेणार, असं सर म्हणाले. लीडचा निकालही त्यावरच. यावेळी एकही फोन येता कामा नये.

तारीख ठरवली. सोमवार, ५ ऑक्टोबर. सकाळी दहा.

शालू म्हणाली, “ताई, सोमवारी मोंढ्यात लई गर्दी असती.”

मी म्हणाले, म्हणजे जास्तीत जास्त लोकांना नवीन व्हर्जन एकदम मिळेल.

शनिवार, ३ ऑक्टोबर
गेटचा आढावा घेतला.
ओळीची लांबी: तात्पुरती बंद. दुहेरी मजकूर: तात्पुरता बंद. न वापरलेल्या ओळी: तात्पुरत्या बंद. टेस्ट: कल्याण सत्तेचाळीसवरून तीनशेपर्यंत गेला आहे, टक्का ब्याण्णव. अमावस्या: पूर्ण क्षमतेने सुरू.

एकूण गेट निरोगी आहे.

सोमवार, ५ ऑक्टोबर. सकाळ, १०.०५
व्हर्जन गेलं. हिरवं. पांढरा कुर्ता घातला आहे. निकाल जाहीर झाला तर फोटो काढतील.

दुपार.
कॉम्प्युटर अर्ध्या तासाऐवजी दीड तास अडकले, कारण व्हर्जन मोठं होतं. जालन्याच्या मोंढ्यात पट्टीसाठी शेतकऱ्यांची रांग काट्यापासून रस्त्यापर्यंत. लोकांनी कागदावर पट्ट्या लिहिल्या. ओमप्रकाश शेठ फोनवर ओरडले नाहीत. ते मोटरसायकलवर बसून अंबडहून स्वतः आले. जिना चढल्यावर त्यांना दम लागला होता, म्हणून पाणी दिलं. पाणी प्यायले आणि मग ओरडले.

व्हर्जन मागे घेतलं.

चार वाजता राधेश्याम सर वर आले. दार लावून घेतलं. कल्याण आणि शालू दाराबाहेर उभे होते. दाराखालून चार चपला दिसत होत्या.

सर माझ्यासमोर बसले. मग म्हणाले, “मॅडम, एक गोष्ट बोलू का? मन दुखवायचं न्हाई मला.”

मी म्हणाले, बोला.

“आवसला मोंढा बंद असतोय. हमाल न्हाई, काटा न्हाई, बोली न्हाई. दुकानं रिकामी. कॉम्प्युटर दिवसभर अडकला तरी कुणाला पत्ता लागत न्हाई. आठ वर्षं आपण नवीन व्हर्जन आवसलाच टाकून राह्यलो. एक फोन न्हवता. तेच सांगायला जिन्यात थांबल्तो मी. ‘आपल्याकडं नवीन व्हर्जन आवसला टाकतात’ असं म्हणायच्या आत तुम्ही हात जोडले. मंग मशीनमध्ये आवस बंदच करून टाकली. म्हणलं, पोरीचा नेम असंल. कडक असंल. कुणाच्या श्रद्धेत पडायचं न्हाई, हे आमच्या वडिलांनी शिकवलंय.”

दाराबाहेरून कल्याण म्हणाला, “मी बी त्येच म्हणलो, सर.”

मोंढा अमावस्येला बंद असतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. वडील माल घेऊन कधी जायचे आणि कधी नाही, यावर घरातला बाजार ठरायचा. ती गोष्ट मला माहिती होती. फक्त ती माहिती आहे, हे मला माहीत नव्हतं.

सर म्हणाले, “तर विचारतो. तुमचा नेम आहे का काही गडबड झाली?”

दोन पर्याय होते. गडबड झाली म्हटलं, तर ती माझी होती. दोन महिने, मी एकटीने, टेस्टसकट केलेली. अशा माणसाला कुणी लीड करत नाही. नेम आहे म्हटलं, तर त्यात चूक नव्हतीच.

मी सरळ सरांच्या डोळ्यांत पाहिलं.

“नेम आहे,” मी म्हणाले.

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. दाराखालच्या चपलासुद्धा हलल्या.

मंगळवार, ६ ऑक्टोबर
दसऱ्याआधीच मी टेक लीड झाले.

सर म्हणाले, मोंढ्यातल्या फोनचा दोष नेमाचा, मॅडमचा न्हाई. शिवाय गेट चांगलंच आहे, त्यातली आवस तेवढी अडचणीची. म्हणून व्यवस्था अशी ठरली. नवीन व्हर्जन पूर्वीसारखं अमावस्येला जाईल. मी मात्र त्या दिवशी ऑफिसात यायचं नाही. भरपगारी सुट्टी. “तुमचा नेम मोडून आम्हाला पाप नको. कल्याण बघून घेईल.”

म्हणजे नवीन व्हर्जनच्या प्रत्येक दिवशी लीड गैरहजर.

गेटची चावी कुणाकडेच नाही, हे मी सांगितलं. कल्याण म्हणाला, “कशाला चावी? मशीनची तारीख दोन दिवस मागं घेतो. मशीनला काय ठावं, आवस हाये का तेरस.”

हा दोष गेटच्या कुठल्याच तपासणीत नव्हता. माझ्या टेस्टमध्येही नव्हता. नोंद घेतली. खुर्ची खिडकीजवळ सरकवली. ऊन थेट स्क्रीनवर येतं.

शनिवार, १० ऑक्टोबर. सर्वपित्री अमावस्या. वडीगोद्री.
भरपगारी सुट्टी. मी लीड आहे, हे आईला सांगितलं. काय करायचं असतं त्यात, म्हणाली. मी म्हणाले, टीम माझ्या पद्धतीने काम करते.

१०.१५. शालूचा मेसेज: ‘ताई झालं. कल्याणने तारीख मागे घेतली. गेट हिरवं. व्हर्जन गेलं.’

१२.३०. शालूचा मेसेज: ‘सगळे कॉम्प्युटर झाले. एक पण फोन नाही. सरांनी जेवायला बोलावलंय. तुमची आठवण काढत होते.’

स्वयंपाकघरात खीर, उडदाचे वडे, कढी, अळूची भाजी, भोपळा. वासावरून ओळखलं. वर पितरांसाठी पान गेलं, कावळा लगेच शिवला. बाबांचं पान मांडलं, काकांचं मांडलं. मी बसले. माझ्यापुढे काहीच नाही.

आईने स्टीलच्या वाटीत भगर आणून ठेवली.

“तुझ्या हापिसातल्या शालूचा फोन आल्ता सकाळी,” आई म्हणाली. “म्हणली, ताईंचा आवसचा उपास असतोय, वाढू नका, त्या तोंडानं सांगणार न्हाईत. एवढं नेमधरम करायलीस, आन आईला सांगायचं न्हाई व्हय गं?”

बाबांनी वडा मोडता मोडता वर पाहिलं. “कवापासून धरलास?”

दोन पर्याय होते. खिरीकडे एकदा पाहिलं.

ऑगस्टपासून, मी म्हणाले.

आई खूश झाली. आवाज ओला झाला तिचा. म्हणाली, पुढच्या आवसला मी पण तुझ्यासंगं धरीन. मग कॅलेंडर काढून बोट फिरवत गेली, आणि थांबली.

पुढची अमावस्या लक्ष्मीपूजनाची आहे.

बाबा म्हणाले, मंग यंदा करंज्या कमी करा, दोन माणसं उपाशीच हायेत.